बर्फीचा कोट, बर्फीचं वजन आणि नागपूरचा उन्हाळा : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

बर्फी. मादी, पॉमेरेनियन, ऑरेंज रंग, वय साडेचार वर्षं, नाव अर्थातच संत्रा बर्फीवरून. आत्या मुलाकडे कॅनडाला गेली, म्हणून आता ही कायमची आमच्याकडे. आत्याचं वय सत्तरच्या पुढं, गुडघे गेलेले, त्यामुळं मागची दोन वर्षं ब्रशिंग जवळजवळ बंदच होतं. आजची अवस्था लिहून ठेवतो म्हणजे पुढं फरक कळेल. कानामागं, काखेत आणि मागच्या मांड्यांवर केसांचे घट्ट गठ्ठे. तोंडाला वास. गळ्यात पट्टा, तो ओढला की बदकासारखा घॉक घॉक खोकला. चालता चालता मधेच मागचा डावा पाय वर उचलून दोन-तीन उड्या मारते आणि मग काहीच झालं नाही अशी पुढं जाते. आणि जाड आहे, फार जाड, पण केसांमुळं कोणाच्या लक्षात येत नाही.

काम दोन पातळ्यांवर आहे. कोट (म्हणजे अंगावरचे केस) परत आणायचा, आणि एप्रिल यायच्या आत हिला नागपूरचा उन्हाळा सोसेल अशी करायची. घरातल्या सगळ्यांचं एकच म्हणणं, केस काढून टाक, मोकळी होईल. मी ते करणार नाहीये, कारण खाली येईलच.

१६ जानेवारी

डॉक्टर मॅडमकडं जाऊन आलो. वजन ५.१ किलो. मॅडमनी बरगड्या चाचपून सांगितलं की हिच्या हाडापेराला साडेतीन-पावणेचार बास. शो-स्टँडर्डमधे (कुत्र्यांच्या प्रदर्शनासाठी ठरलेल्या मापात) पॉमचं वजन १.४ ते ३.२ किलो असतं, पण आपल्याकडं मिळणारे पॉम थोडे मोठेच असतात आणि त्यात काही बिघडत नाही, फक्त चरबी नको. (आपल्याकडं पांढरं झुपकेदार काहीही दिसलं की लोक 'पामेरियन' म्हणतात, त्यातले बरेचसे इंडियन स्पिट्झ असतात, ते अंगानं मोठे आणि आपल्या हवेत जास्त टिकाऊ. तुमचं कुत्रं नक्की काय आहे ते बघून मगच वजनाचा आकडा धरा.)

बाकीचं असं. डाव्या गुडघ्याची वाटी सरकते, ग्रेड २, म्हणजे सरकते आणि बरेचदा आपली आपण जागेवर बसते. ऑपरेशन आत्ता नको, आधी वजन. खोकल्याबद्दल श्वासनलिका मऊ पडल्याचा संशय आहे. छोट्या जातींमधे नलिकेच्या कूर्चेच्या कड्या ढिल्या पडतात, नलिका चपटी होते आणि गळ्यावर दाब आला की तो बदकी आवाज येतो. पट्टा आजपासून बंद, छातीवरून जाणारा हार्नेस घ्यायचा. दातांची स्थिती वाईट, वरचे दोन दुधाचे सुळे अजून पक्क्या सुळ्यांना चिकटून उभे आहेत! साडेचार वर्षांच्या कुत्र्याला. दोन दातांच्या फटीत अन्न अडकून तिथंच सगळं कुजतंय.

हार्नेस ₹४५०. पहिला घेतला तो काखेत घासत होता आणि तिथं नवीन गुंता व्हायला लागला. बदलून मऊ जाळीचा, बनियनसारखा घेतला, ₹६००. तोसुद्धा घरात काढूनच ठेवायचा, नाहीतर खालचे केस दबून परत गठ्ठे.

१९ जानेवारी

गठ्ठे सोडवायला सुरुवात. जे करून बघितलं त्यात सगळ्यात वाईट आयडिया होती आधी आंघोळ घालायची. पाणी लागलं की गठ्ठा आवळतो, सुकल्यावर तर नुसता नमदा. आधी सोडवायचं, मग धुवायचं.

जे चाललं ते: गठ्ठ्यात कॉर्नफ्लोर चोळायचं, बोटांनी फाडत फाडत त्याचे छोटे भाग करायचे, मग धातूच्या कंगव्याच्या टोकानं बाहेरच्या बाजूनं सुरू करून आत कातडीकडं यायचं. एका हातानं गठ्ठ्याचं मूळ धरून ठेवायचं म्हणजे कातडी ओढली जात नाही. कातडीला चिकटलेला गठ्ठा कात्रीनं कापू नका. पॉमची कातडी पातळ असते, गठ्ठ्याबरोबर वर ओढली जाते आणि कात्रीत कातडीच येते, असं मॅडमनी बजावून सांगितलं होतं.

एका बैठकीला एक कान, बस. त्यापुढं ती चावायला येते आणि तिचं बरोबर आहे.

सामान: स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) ₹३५०, धातूचा कंगवा ₹२२०. पेट शॉपवाला भाऊ डिटँगलिंग स्प्रे ₹७५० चा घ्या म्हणत होता, तो नाही घेतला, साध्या स्प्रे बाटलीत पाणी आणि त्यात चमचाभर कुत्र्यांचा कंडिशनर टाकून काम होतंय. कोरड्या केसांवर मात्र ब्रश फिरवायचा नाही, केस तुटतात.

२ फेब्रुवारी

कान, काख झाले. मांड्यांवरचे दोन गठ्ठे आपल्यानं होत नव्हते म्हणून ग्रूमिंग सलूनला नेलं. स्पष्ट सांगितलं, फक्त एवढे दोन मशीननं काढा, बाकी हात लावू नका. अर्ध्या तासानं आणायला गेलो तर कमरेपासून शेपटीपर्यंत सगळं सपाट. "उन्हाळा येऊन राहिला ना दादा, बरं राहते." ₹९०० घेतले ते वेगळेच.

हे मनाला लागायचं कारण दिसणं नाही. पॉमचा कोट दुहेरी असतो. आत मऊ लोकरीसारखा थर, वर लांब खरखरीत केस. ही जात मुळात बाल्टिक समुद्राकडच्या पोमेरेनिया भागातल्या थंडीतल्या स्पिट्झ कुत्र्यांची, आकार नंतर लहान होत गेला, कोट तसाच राहिला. राणी व्हिक्टोरियानं १८८८ मधे फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा पॉम आणला, तो साधारण साडेपाच किलोचा होता आणि त्या काळात तो लहान समजला जायचा. म्हणजे आमची बर्फी आज जवळपास मार्कोएवढी, फक्त उंचीनं नाही, घेरानं. तर मुद्दा असा की मशीन मारलं की आतली लोकर लवकर येते, वरचे केस फार हळू, आणि पॉममधे काही वेळा येतच नाहीत, सहा महिने ते दोन वर्षंसुद्धा जातात. वरचा थर ऊन अडवतो, आणि आतली लोकर नीट विंचरलेली असली की मधे हवा खेळते. गुंता असेल तर हवा खेळत नाही आणि तेव्हा खरं गरम होतं. उलट उघड्या कातडीवर ऊन थेट लागतं. कुत्र्याला घाम अंगातून येत नाही, पंजांच्या गाद्यांना थोडासा येतो बस, बाकी सगळं काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. त्यामुळं भादरल्यानं माणसाला वाटतो तसा फायदा त्याला होत नाही.

झालं ते झालं. फोटो काढून ठेवला, दर महिन्याला त्याच खिडकीपाशी त्याच अंतरावरून काढणार.

९ फेब्रुवारी

वजनाचा हिशोब. झोपून राहिलेल्या कुत्र्याची रोजची गरज काढायचं सूत्र आहे, ७० गुणिले वजनाचा ०.७५ घात. पाहिजे ते वजन ३.६ धरलं तर साधारण १८३ कॅलरी येतात. आमच्या ड्राय फूडच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३७० कॅलरी लिहिल्यात, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम. मूठभरसुद्धा नाही! स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर मोजून बघितलं तेव्हा कळलं की 'एक वाटी' म्हणून जे दिलं जात होतं ते ८५ ग्रॅम होतं.

आणि हे बिस्किटांशिवाय. एका ग्लुकोज बिस्किटात १८-२० कॅलरी. आजी दिवसातून चार देते. म्हणजे ७५ कॅलरी, हिच्या गरजेच्या एक तृतीयांशाहून जास्त, नुसत्या चहाच्या वेळी.

हे आजीला सांगितलं तर: "काऊन रे, लेकराले उपाशी मारून राहिला का?"

उपाय वादानं निघाला नाही, डब्यानं निघाला. आजीच्या बिस्किटाच्या डब्याशेजारी दुसरा डबा ठेवलाय, त्यात रोजच्या ५० ग्रॅममधलेच १० ग्रॅम दाणे आणि उकडलेल्या गाजराचे तुकडे. आजीनं त्यातूनच द्यायचं. द्यायचं सुख आजीला, कॅलरी तेवढ्याच. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण हे मात्र पूर्ण बंद, ते विषच आहे, शिऱ्यातला मनुकासुद्धा नाही. दूध-पोळीही बंद, दुधानं हिचं पोट बिघडतच होतं, आत्याला वाटायचं हवा बदलली म्हणून.

५० ग्रॅम तीन वेळात वाटून देतो. एवढ्या लहान कुत्र्याला लांब उपाशी ठेवणं बरं नाही, पिल्लांची तर साखर झटक्यात खाली येते, गुंगी येते, फिट येते. पिल्लू असेल तर डाएटच्या भानगडीत पडूच नका.

वजन करायला बाथरूमचा काटा बेकार, शंभर ग्रॅम इकडंतिकडं दाखवतो आणि आपल्याला तेवढंच बघायचं असतं. सामान मोजायचा हुकवाला काटा (₹२८०) घेतला, भाजीच्या टोपलीला चार दोऱ्या बांधल्या, बर्फी टोपलीत. मस्त चालतंय. टोपलीत बसायला तिची ना नाही, उतरायला आहे.

२३ फेब्रुवारी

दातांचं काम झालं. आधी रक्त तपासणी (पेशी, किडनी, लिव्हर), छातीचा एक्स-रे, मग भूल. स्केलिंग (दातांवरचं किटण खरवडणं), दुधाचे दोन्ही सुळे आणि पुढचे चार हलणारे दात काढले. सगळं मिळून ₹८,५००. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा खर्च, आणि हा टळण्यासारखा होता. कुत्र्याला दुधाचे दात २८ आणि पक्के ४२. ज्यांच्याकडं पॉमचं पिल्लू आहे त्यांनी सहा-सात महिन्यांचं झालं की तोंड उघडून बघा. एका जागी दोन सुळे दिसले तर नसबंदीच्या वेळीच, त्याच भुलेत काढून घ्या.

रोज बोटात घालायचा ब्रश आणि कुत्र्यांची पेस्ट. आपली टूथपेस्ट वापरायची नाही, कुत्रं थुंकत नाही, गिळतं. पहिले काही दिवस फक्त पेस्ट चाटायला दिली, ब्रश नंतर आणला. एकदम ब्रश घातला असता तर तो कार्यक्रम तिथंच संपला असता.

१५ मार्च

वजन ४.७५.

सोफ्याच्या पायऱ्या. गुडघा सरकणाऱ्या कुत्र्यानं सोफ्यावरून उडी मारणं हेच सगळ्यात वाईट, आणि बर्फी दिवसातून कितीदा मारते देव जाणे. आधी एक फळी तिरपी लावून रॅम्प केला. सोफा ४२ सेंमी उंच, फळी होती ९० सेंमीची. चढ इतका उभा झाला की ती वर जायला तयार, खाली यायला नाही, बाजूनं उडी मारायची. म्हणजे होतं तेच. लांब फळी लावावी तर हॉलमधे माणसांना जागा नाही.

मग सुतार भाऊंकडून उरलेला प्लाय घेतला, १४ सेंमीच्या दोन पायऱ्या, प्रत्येकीची खोली ३० सेंमी, म्हणजे सोफा धरून तीन सारख्या टप्प्यात चढण. बर्फीची खांद्याची उंची २२ सेंमी, तिला १४ आरामात जमतं. वर जुनी योगा मॅट फेव्हिकॉलनं चिकटवली. पहिल्या दिवशी वासामुळं जवळ गेली नाही, गॅलरीत वाळवून आणल्यावर गेली. खर्च ₹४०० आणि एक रविवार.

फरशीचं पण केलं. व्हिट्रिफाइड टाइल्सवर हिचे मागचे पाय फाकतात. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत रबरी तळाच्या पट्ट्या टाकल्या. आणि पंजांच्या गाद्यांमधून बाहेर आलेले केस बोथट टोकाच्या कात्रीनं गाद्यांच्या पातळीत कापले. हे फुकटचं काम, आणि घसरणं निम्मं त्यानंच थांबलं. आधी तेच करायला पाहिजे होतं, पट्ट्या कमी लागल्या असत्या.

१० एप्रिल

कूलर काढला, वाळ्याच्या ताट्या नवीन टाकल्या. वजन ४.५.

₹३०० चा तापमान-आर्द्रतेचा डिजिटल काटा घेतलाय आणि तो भिंतीवर नाही, जमिनीवर, बर्फीच्या उंचीला ठेवलाय. दुपारी टेबलावर ३२ दाखवतो तेव्हा कूलरसमोर जमिनीवर २९. तिच्यासाठी खालचाच आकडा खरा. अंथरूण पलंगाखालून काढून कूलरच्या वाऱ्याच्या कडेला आणलं, एकदम समोर नाही.

फिरणं सकाळी साडेपाचला. रात्रीचं फिरणं बंद, कारण नऊ वाजता हवा बरी वाटते पण डांबर तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा, नाही ठेववली तर कुत्र्यालाही नाही न्यायचं. आणि हिचं पोट रस्त्यापासून वीतभरसुद्धा वर नाही, ती सगळी धग खालून खाते.

२८ एप्रिल

पोटावर लाल चट्टा, चाटून चाटून ओला केलेला. दोन दिवस अन्नाची ॲलर्जी समजून फूड बदलायच्या गोष्टी चालल्या होत्या. निघालं भलतंच. ही दुपारी माठाखाली जाऊन झोपते. माठ पाझरतो, खाली फरशी ओली गार, बर्फी तिथं पोट टेकून. आतली लोकर एकदा भिजली की वरून कोरडी लागली तरी कातडीपाशी तासन् तास ओल राहते, आणि मग तिथं इन्फेक्शन.

माठ उंच तिवईवर, खाली ट्रे. चट्ट्याभोवतीचे केस मॅडमनी थोडे छाटले, औषधी शाम्पू आणि मलम, ₹७००. गार जागेची तिची मागणी मात्र रास्त होती, म्हणून शहाबादी फरशीचा एक तुकडा आणून कूलरजवळ ठेवलाय. कोरडा आणि गार. माठ विसरली.

२६ मे

नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस. बाहेर ४४ च्या वर. दुपारी लाईट गेली आणि कूलर बंद. तासाभरानं बर्फी उभीच, बसेना, जीभ गडद लाल, श्वासाबरोबर तो बदकी आवाज. थर्मामीटर गुदद्वारातून लावला, ४०.१. नॉर्मल ३८ ते ३९.२ पर्यंत. ४१ कडं जायला लागलं की तो उष्माघात आणि घरी बसायचं नाही.

केलं काय: नळाचं साधं पाणी (टाकीचं नाही, ते उकळत असतं, बादलीत साठवलेलं) पोट, जांघा, पंजे यांवर, केस बाजूला करून कातडीपर्यंत, आणि पुठ्ठ्यानं वारा. बर्फ वापरला नाही. ओला टॉवेल अंगावर पांघरायचा पण नाही, आजी तेच करायला निघाली होती, तो थोड्या वेळात गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. पाणी प्यायला समोर ठेवलं, तोंडात ओतलं नाही. ३९.४ झालं तेव्हा ओतणं थांबवलं आणि मॅडमना दाखवून आणलं. सलाईन, निरीक्षण, ₹१,२००.

जानेवारीतलं ५.१ किलोचं अंग घेऊन हीच दुपार आली असती तर अवघड होतं, असं मॅडम म्हणाल्या. गळ्याभोवती चरबी, मऊ नलिका आणि धापा टाकूनच थंड व्हायचं. केस राहिले बाजूला, खरा कोट चरबीचा होता.

इन्व्हर्टरवर एक पंखा जोडून घेतला. बॅटरी होतीच, वायरिंगचे ₹५००.

५ जुलै

पाऊस. कूलर बंद, आता तो नुसती दमट हवा करतो. आर्द्रता ८५. फिरून आल्यावर टॉवेल, मग ड्रायर गार हवेवर, केस उलटे करत मुळापर्यंत. ड्रायरला घाबरायची म्हणून आधी तो नुसता शेजारच्या खोलीत चालू ठेवायचो.

गोचीड. कानाच्या घडीत आणि बोटांच्या मधे सापडले. पॉमच्या कोटात गोचीड दिसत नाही, बोटांनीच शोधावा लागतो. गोचीड तापात प्लेटलेट्स पडतात, म्हणून मानेवर टाकायचं औषध दर महिन्याला, वजनाच्या गटाप्रमाणं. मोठ्या कुत्र्याची ट्यूब अर्धी करून टाकू नका, मेडिकलवाला सुचवत होता.

१७ ऑगस्ट

भादरलेला भाग. लोकर आलीय, वरचे केस फक्त शेपटीच्या मुळाशी. कमरेवर दोन तळहाताएवढा भाग विरळ, कातडी काळपट पडतेय. पॉममधे ॲलोपेशिया एक्स म्हणून प्रकार असतो, केस जातात आणि कारण सापडत नाही. पण ते म्हणायच्या आधी थायरॉइड आणि कुशिंग (हार्मोनचाच एक आजार) नाही ना हे बघावं लागतं. तपासण्या ₹२,८००, दोन्ही नॉर्मल. मॅडम म्हणाल्या थांबा, मशीन मारल्यानंतरचं असेल तर वेळ लागतो. तेल, कांद्याचा रस, अंड्याचा बलक असले सल्ले भरपूर मिळाले. कांदा तर ती चाटणारच. काहीच लावलं नाही.

वजन ४.०५.

२२ ऑक्टोबर

दिवाळी. फटाक्यांनी भुंकून भुंकून खोकला परत. आतल्या खोलीत पडदे, पंखा फुल, आजीचा रेडिओ मोठ्यानं. पुढच्या वर्षी आठवडाभर आधीच मॅडमशी औषधाबद्दल बोलायचं, ऐन वेळी काही मिळत नाही.

चकलीचे तुकडे पाहुण्यांनी दिलेच.

१४ डिसेंबर

वजन ३.८. उडी मारत चालणं क्वचित दिसतं, गुडघा अजून ग्रेड २ च. खोकला दाराची बेल वाजली की, एरवी नाही. फोटो शेजारी ठेवून बघितले, कमरेवर वरचे केस आलेत, रंग आधीपेक्षा गडद, एका जागी अजून रुपयाएवढा विरळ डाग.

ब्रशिंग आता आठवड्यातून तीनदा, ओळीओळीनं. केस वर धरायचे, खालून एक पातळ रांग सोडायची, ती मुळापासून विंचरायची, मग पुढची. वरवर ब्रश फिरवला तर बाहेरून गुबगुबीत दिसतं आणि आत गठ्ठे बनत राहतात, आत्याकडं तेच झालं होतं. शेवटी धातूचा कंगवा सगळीकडून न अडखळता निघाला की झालं.

वर्षाचा खर्च, खाणं आणि लसी सोडून, साधारण ₹१८,००० च्या आसपास. त्यात दात, रक्ताच्या तपासण्या, चट्ट्याचं औषध, मे मधलं सलाईन आणि सलूनचे ₹९०० काढले तर हाताशी लागलेलं सामान चार हजाराच्या आतबाहेरच आहे. न लागलेली खरेदी: पहिला हार्नेस, कूलिंग जेल मॅट ₹१,१०० (तिनं कुरतडली, शहाबादीचा तुकडा ₹६० चा), आणि थंडीचा स्वेटर, जो आत्यानं कॅनडाहून पाठवलाय.